पत्ता चुकलेली प्रथिने : पेशीतील टपालव्यवस्थेच्या शोधाचा इतिहास

१/ मानवी पेशी साधारणतः मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागाएवढी असते. एवढ्या जागेत हजारो प्रकारची प्रथिने नांदतात आणि प्रत्येकाचे स्थान ठरलेले असते. काही केंद्रकात, काही तंतुकणिकेत, काही पेशीच्या पटलात, तर काही थेट पेशीबाहेर. जवळजवळ सगळ्यांचा जन्म मात्र रायबोसोम नावाच्या एकाच जातीच्या यंत्रावर होतो. मग कोणी कोठे जायचे हे ठरवते कोण?

२/ या प्रश्नाचे उत्तर मिळायला जवळपास शतक लागले. या धाग्यात त्या शतकाची कथा आहे. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्यवस्था सुरळीत चालली होती तोवर ती कोणालाच दिसली नाही. जेथे एखादे प्रथिन भलत्या ठिकाणी पोहोचले, अडकले किंवा अर्धवट अवस्थेत हाती लागले, तेथेच संशोधकांना पुढचा दुवा सापडला.

३/ आरंभ इटलीतील पाव्हिया येथे. १८९८ साली कामिल्लो गॉल्जी यांनी घुबडाच्या लहान मेंदूतील पेशी चांदीच्या क्षारांनी रंगवल्या. त्यांना पेशीच्या आत एक काळी जाळी दिसली. ती खरी की रंगवण्याच्या क्रियेतून उद्भवलेला आभास, यावर पुढे अर्धे शतक वाद चालला. साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर तेवढ्या खोलवर पोहोचत नव्हती. आज शालेय पुस्तकात जिला आपण गॉल्जी संकुल म्हणतो, तीच ही वादग्रस्त जाळी.

४/ दुसरा धागा न्यूयॉर्कचा. बेल्जियमहून आलेले आल्बेर क्लोद १९२९ पासून रॉकफेलर संस्थेत काम करीत होते. कोंबड्यांना होणाऱ्या एका कर्करोगाचे कारक त्यांना वेगळे काढायचे होते. त्यासाठी ते पेशी फोडून तो काला सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवीत. जड भाग आधी तळाशी बसे, हलका नंतर. निरोगी पेशींतूनही आपल्याला तसेच सूक्ष्म कण मिळतात, हे पाहून ते चकित झाले. रोगाचा शोध बाजूला राहिला आणि पेशीचे घटक वेगवेगळे करण्याची रीत हाती आली.

५/ १९४५ साली कीथ पोर्टर, क्लोद आणि अर्नेस्ट फुलम यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेले अखंड पेशीचे पहिले चित्र प्रसिद्ध केले. पेशी कोंबडीच्या गर्भाची होती. तिच्या आत नाजूक दोऱ्यांची जाळी पसरलेली दिसत होती. पोर्टर यांनी पुढे तिचे जे नामकरण केले, त्याचेच मराठी रूप आंतर्द्रव्यजालिका. जीवरसाला तोवर बरेच जण जवळजवळ आकारहीन समजत. आता त्याला दालने आणि भिंती फुटू लागल्या.

६/ १९४६ साली रुमानियातील एक तरुण डॉक्टर अमेरिकेत दाखल झाला आणि लवकरच क्लोद यांच्या प्रयोगशाळेत आला. त्याचे नाव जॉर्ज पॅलाडे. १९५५ साली त्याने जालिकेच्या बाहेरील अंगाला चिकटलेल्या बारीक कणांचे सविस्तर वर्णन केले. हेच पुढे रायबोसोम म्हणून ओळखले गेले. प्रथिने येथेच घडतात हेही लवकरच स्पष्ट झाले. पण घडल्यावर ती जातात कोठे?

७/ पॅलाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी गिनीपिगचे स्वादुपिंड निवडले. निवड विचारपूर्वक होती. स्वादुपिंडाच्या पेशी पचनाची विकरे मोठ्या प्रमाणावर बनवून बाहेर पाठवतात. टपाल कचेरीचा अभ्यास करायचा तर दिवाळीच्या आठवड्यात करावा, तसाच हा प्रकार. वाहतूक एवढी असते की रस्ता लपून राहू शकत नाही.

८/ १९६७ साली जेम्स जेमीसन आणि पॅलाडे यांनी केलेला प्रयोग आजही शिकवला जातो. स्वादुपिंडाच्या पातळ कापांना त्यांनी फक्त ३ मिनिटे किरणोत्सारी ल्यूसिन दिले. ल्यूसिन हे अमिनो आम्ल. त्या ३ मिनिटांत घडलेल्या प्रथिनांवरच खूण उमटली. मग साधे ल्यूसिन भरपूर ओतले, म्हणजे नंतरची प्रथिने बिनखुणेची राहिली. आता ठरावीक अंतराने काप घेऊन खूण कोठे पोहोचली ते पाहायचे.

९/ ३ मिनिटांच्या अखेरीस खूण जालिकेत होती. आणखी ७ मिनिटांनी ती गॉल्जी संकुलाच्या कडेच्या पुटिकांत दिसली. ३७ मिनिटांनी ती दाट होत जाणाऱ्या मोठ्या पोकळ्यांत गोळा झाली. ११७ मिनिटांनी बहुतांश खूण पेशीच्या टोकाशी साठवणीच्या कणांत, बाहेर पडण्याच्या तयारीत होती. जालिका, गॉल्जी, साठवण, बाहेर : मार्ग वेळापत्रकासह हाती आला. ज्या जाळीला अर्धे शतक आभास म्हटले गेले, ती या मार्गावरील मुख्य कचेरी ठरली.

१०/ दरम्यान बेल्जियममधील लूव्हाँ येथे आणखी एक दालन सापडले होते, तेही अनपेक्षितपणे. क्रिस्तियाँ द द्यूव्ह यकृतावरील इन्सुलिनच्या परिणामाचा अभ्यास करीत होते. १९४९ साली मोजमापात एका आम्लप्रिय विकराची क्रिया अपेक्षेपेक्षा फारच कमी भरली. तोच नमुना काही दिवस फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा मोजला, तर क्रिया कितीतरी वाढलेली!

११/ विकर नव्याने निर्माण होणे शक्य नव्हते. म्हणजे ते आधी कशात तरी बंद होते आणि ठेवल्या ठेवल्या ती पिशवी फुटली. १९५५ साली या पिशव्यांना नाव मिळाले. आपली पाठ्यपुस्तके त्यांना लयकारिका म्हणतात. पेशीतला केरकचरा विरघळवणारी ही विकरे. ती योग्य पिशवीतच पोहोचणे किती निकडीचे आहे, हे वेगळे सांगायला नको. क्लोद, द द्यूव्ह आणि पॅलाडे यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१२/ एवढे झाले तरी मूळ प्रश्न तसाच होता. रस्ता कळला, पण प्रवाशाला त्या रस्त्यावर कोण आणून सोडते ते कळले नाही. काही रायबोसोम जालिकेला चिकटलेले असतात, काही जीवरसात मोकळे तरंगतात. बाहेर जाणारी प्रथिने चिकटलेल्यांवर बनतात, आत राहणारी मोकळ्यांवर. पण दोन्ही रायबोसोम तपासावेत तर एकसारखेच! मग हा भेदभाव येतो कोठून?

१३/ १९७१ साली रॉकफेलरमधील ग्युंटर ब्लोबेल आणि डेव्हिड साबातिनी यांनी एक अटकळ मांडली. भेद रायबोसोमात नसून त्यावर घडणाऱ्या प्रथिनातच असावा. प्रथिनाची साखळी विणली जाताना जो तुकडा आधी बाहेर डोकावतो, त्यातच पत्ता लिहिलेला असावा. तो वाचणारा कोणी घटक रायबोसोमला जालिकेकडे घेऊन जात असावा. कल्पना देखणी होती, पण पुरावा काहीच नव्हता. फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१४/ हे ब्लोबेल कोण, हे येथे सांगितले पाहिजे. जन्म १९३६ चा, तेव्हाच्या जर्मनीतील आणि आजच्या पोलंडमधील सायलीशिया प्रांतातला. जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा जवळ येताच कुटुंबाने घर सोडले. वाटेत आठ वर्षांच्या ग्युंटरने ड्रेस्डेन शहर त्याच्या पूर्ण वैभवात पाहिले. काही दिवसांतच बॉम्बहल्ल्यात ते जळाले आणि त्या आगीने उजळलेले आभाळ त्याने दुरून पाहिले. एप्रिलमध्ये त्याची १९ वर्षांची बहीण रूथ आगगाडीवरील हवाई हल्ल्यात मारली गेली.

१५/ पूर्व जर्मनीत विद्यापीठाची दारे बंद असल्याने तो १९५४ साली पश्चिमेकडे गेला. ट्यूबिंगेन येथे वैद्यकशास्त्र, अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे पीएच.डी. आणि १९६७ साली पॅलाडे यांची प्रयोगशाळा. राहते ठिकाण पुन्हा पुन्हा सुटत गेलेल्या या माणसाने पुढची सारी हयात एकाच प्रश्नात घालवली : प्रथिनाला आपले ठिकाण कसे सापडते?

१६/ अटकळीला पहिला आधार इंग्लंडमधील केंब्रिज येथून आला. १९७२ साली सेझार मिलस्टीन आणि सहकारी प्रतिपिंडातील एका साखळीचा संदेशवाहक आरएनए परीक्षानळीत वाचवून घेत होते. जालिकेचे पटल नसलेल्या द्रावणात तयार झालेली साखळी नेहमीपेक्षा थोडी लांब भरली. सुरुवातीच्या टोकाला जादा तुकडा होता. पेशीतून बाहेर पडणाऱ्या प्रथिनात तो कधीच आढळत नसे. पत्ता लिहिलेले पाकीट फाडण्यापूर्वीच कोणाच्या तरी हाती लागले होते.

१७/ ब्लोबेल आणि बर्नहार्ड डोबरस्टाइन यांनी १९७५ साली निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केले. उंदराच्या अर्बुदपेशींतील संदेश, सशाच्या रक्तपेशींतील रायबोसोम आणि कुत्र्याच्या स्वादुपिंडातील जालिकेचे तुकडे त्यांनी एका नळीत एकत्र केले. साखळी विणली जात असताना पटले हजर असली, तर ती आत शिरत होती, जादा तुकडा कापला जात होता आणि बाहेरून घातलेले प्रथिनभक्षक विकर तिला शिवू शकत नव्हते.

१८/ पटले उशिरा, साखळी पूर्ण झाल्यावर घातली, तर काहीच घडत नसे. प्रवेश केवळ विणकाम चालू असतानाच. शिवाय तीन वेगळ्या प्राण्यांचे भाग एकमेकांशी बिनतक्रार जुळले. याचा अर्थ पत्त्याची लिपी उंदीर, ससा, कुत्रा यांना समान होती. पुढे यीस्ट, वनस्पती आणि जीवाणू यांतही त्याच जातीचे पत्ते आढळले.

१९/ आपल्याकडे पत्त्यावर सहा आकडी पिन कोड आला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी संस्कृत पंडिताने केली. पत्राचा मजकूर, भाषा, हस्ताक्षर काहीही असो, वाटणाऱ्याला आकडे वाचता आले की पुरे. ब्लोबेल यांच्या नळीत नेमके हेच दिसले. सुमारे वीस अमिनो आम्लांचा तुकडा वाचला जातो, उरलेल्या प्रथिनात काय आहे याची वाटणाऱ्याला पर्वा नसते.

२०/ पत्ता वाचणारा पोस्टमन पीटर वॉल्टर यांनी ब्लोबेल यांच्याकडेच शोधला. १९८० साली तो शुद्ध रूपात वेगळा झाला. आधी तो निव्वळ प्रथिनांचा वाटला. १९८२ साली त्यात आरएनएचा एक रेणूही निघाला. रायबोसोममधून पत्त्याचा तुकडा डोकावताच हा कण त्याला धरतो, पुढचे विणकाम रोखून धरतो आणि जालिकेवरील आपल्या ग्राहीपाशी नेऊन सोडतो. तेथे विणकाम पुन्हा सुरू होते आणि साखळी पटलातील छिद्रातून आत सरकते.

२१/ आता दुसरा, अधिक वेदनादायक धागा. १९६७ साली लहान मुलांतील एका विरळा आनुवंशिक रोगाचे वर्णन झाले. मुलांची वाढ खुंटते, सांधे आखडतात, बहुतेकांचे आयुष्य बालपणातच संपते. त्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली न पचलेल्या पदार्थांच्या गोळ्यांनी खच्चून भरलेल्या दिसतात. त्यावरूनच त्याला आय-सेल रोग म्हणतात. लयकारिकेतील एक नव्हे, अनेक विकरे पेशीत एकदम बेपत्ता. पण रक्तात तीच विकरे भरमसाट!

२२/ एलिझाबेथ न्यूफेल्ड यांनी हे कोडे सोडवले. १९४० साली नाझी संकटामुळे पॅरिस सोडून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातली ही मुलगी. १९७२ साली तिने आणि स्कॉट हिकमन यांनी अदलाबदलीचा प्रयोग केला. निरोगी पेशींनी सोडलेली विकरे आय-सेल रुग्णाच्या पेशींनी आत घेतली आणि वापरलीही. उलट रुग्णाच्या पेशींनी सोडलेली विकरे इतर पेशींनी उचलली नाहीत.

२३/ निष्कर्ष स्पष्ट होता. रुग्णाच्या पेशीत घेणारी व्यवस्था शाबूत होती आणि विकरेही बनत होती. फक्त त्यांच्यावर पत्ता पडत नव्हता. बिनपत्त्याचा माल पेशी बाहेर टाकून देत होती. १९७७ साली विल्यम स्लाय यांच्या गटाने या पत्त्याची ओळख पटवली : मॅनोज-६-फॉस्फेट, म्हणजे फॉस्फेट जोडलेली एक साखर. गॉल्जी संकुलात हा शिक्का उमटतो. तो मारणारे विकरच या मुलांत नसते, हे १९८१ पर्यंत सिद्ध झाले.

२४/ या ज्ञानाचा उपयोग इतर मुलांना झाला. लयकारिकेचे एखादेच विकर नसल्याने होणाऱ्या काही रोगांत ते विकर प्रयोगशाळेत बनवून शिरेतून देतात. त्यावर मॅनोज-६-फॉस्फेटचा शिक्का असल्याने पेशी ते उचलून नेमक्या पिशवीत पोहोचवतात. पहिल्या प्रकारच्या म्युकोपॉलिसॅकरायडोसिसवर असा उपचार अमेरिकेत २००३ साली मान्य झाला. आय-सेल रोगात मात्र शिक्काच हरवला असल्याने एवढा सरळ मार्ग आजही उपलब्ध नाही. ज्या मुलांमुळे पत्ता सापडला, त्यांच्यापर्यंत औषध पोहोचलेले नाही.

२५/ पत्ता कळला, पण पुटिका एका दालनातून सुटून दुसऱ्याला कशी मिळते? कॅलिफोर्नियातील बर्कली येथे रँडी शेकमन यांनी यीस्टकडे, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वाकडे मोर्चा वळवला. पीटर नॉव्हिक या विद्यार्थ्यासह त्यांनी असे उत्परिवर्ती यीस्ट शोधले, जे नेहमीच्या तापमानाला ठीक वागतात, पण ३७ अंशांना त्यांची रवानगी थांबते. माल आत साचत जातो, पेशी मात्र वाढत नाही. त्यामुळे ती जड होते आणि दाट द्रावणात तळाकडे जाते. बिघडलेले असे वेचून काढता आले.

२६/ १९८० साली या रीतीने २३ जनुके निश्चित झाली. कोणत्या जनुकात बिघाड झाला की माल कोठे तुंबतो, यावरून मार्गाचा एकेक टप्पा उलगडला. पुढे याच पद्धतीने १९८७ साली सापडलेले सेक-६१ हे जनुक जालिकेच्या पटलातील त्या छिद्राचे निघाले, ज्याची ब्लोबेल यांनी कल्पना केली होती. ते छिद्र खरोखर असते का, यावर दीर्घकाळ मतभेद होते.

२७/ त्याच काळात स्टॅनफर्ड येथे जेम्स रॉथमन यांनी पेशी फोडून गॉल्जी संकुलातील वाहतूक परीक्षानळीत घडवली. एकेक प्रथिन वेगळे काढून ते कशाला लागते हे त्यांनी तपासले. १९८९ साली त्यांच्या हाती लागलेले प्रथिन आणि शेकमन यांचे सेक-१८ हे जनुक एकाच गोष्टीची दोन नावे ठरली. सस्तन प्राणी आणि यीस्ट यांच्यात शंभर कोटी वर्षांहून अधिक अंतर, तरी वाहतुकीचे यंत्र तेच!

२८/ १९९३ साली रॉथमन यांच्या गटाने गायीच्या मेंदूतून अशी प्रथिने मिळवली, जी पुटिका आणि तिचे गंतव्य यांना जोड्या लावून एकत्र ओढतात. मेंदूतील ही क्रिया कॅल्शियमच्या इशाऱ्यावर निमिषार्धात कशी घडते, ते टॉमस झ्यूडहोफ यांनी दाखवले. धनुर्वाताचे विष याच प्रथिनांपैकी एकाला कापते, हे १९९२ सालीच उघड झाले होते. स्नायूंना शिथिल करणारा निरोप त्यामुळे सुटतच नाही आणि शरीर धनुष्यासारखे ताठते. शेकमन, रॉथमन आणि झ्यूडहोफ यांना २०१३ चे नोबेल मिळाले.

२९/ ब्लोबेल यांना ते १९९९ साली, एकट्याला मिळाले होते. रकमेचा बहुतांश भाग त्यांनी बहीण रूथच्या स्मरणार्थ ड्रेस्डेनला दिला : बॉम्बहल्ल्यानंतर ढिगारा होऊन पडलेल्या फ्राउएनकिर्शे या चर्चच्या पुनर्बांधणीसाठी आणि तेथील नव्या यहुदी प्रार्थनामंदिरासाठी. प्रार्थनामंदिर २००१ साली आणि चर्च २००५ साली पूर्ण झाले. ब्लोबेल यांचे २०१८ साली निधन झाले.

३०/ आज जगातील इन्सुलिनचा मोठा भाग यीस्टकडून बनवून घेतला जातो. इन्सुलिनला योग्य पत्ता जोडला की यीस्ट ते आपणहून बाहेर आणून ठेवते. मधुमेही माणसाच्या हातातील कुपीमागे स्वादुपिंडाचे ते काप, एक फुटलेली पिशवी, एक जादा लांब साखळी आणि तुंबलेले यीस्ट, असा सारा इतिहास आहे.

३१/ पेशीत सर्व पत्ते माहीत असणारा मुख्य अधिकारी कोणी नाही. प्रत्येक प्रथिन आपला पत्ता अंगावर घेऊन निघते आणि प्रत्येक टप्प्यावरचा वाचक केवळ आपल्यापुरते वाचून त्याला पुढे सोडतो. एवढ्याशा व्यवस्थेवर आपण जगतो. तिच्यातील एक शिक्का पुसला गेला तर काय होते, हे त्या थोड्या मुलांनी आपल्या आयुष्याची किंमत मोजून जगाला सांगितले. या इतिहासात त्यांची नावे कोठे नाहीत, पण स्थान आहे.